आमच्या घराण्याला धरण लाभत नाही

आमच्या घरात एक वाक्य पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. "आपल्या घराण्याला धरण लाभत नाही." हे वाक्य आजी म्हणायची, तिच्यानंतर आत्या म्हणायला लागली, आणि आता ताईच्या तोंडूनही मी ते ऐकलंय. खडकवासल्याला भेळ खायला गेलो तरी आजी पाण्यापासून दहा हात लांब सतरंजी टाकायची. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर. पणजोबांची जमीन मुळशीच्या धरणात गेली आणि आजोबांचा नारायण पेठेतला वाडा पानशेतच्या पुरात गेला. धरणानं आपल्याला दोनदा नागवलं. झालं, विषय संपला.

मला हे वाक्य लहानपणापासून आवडायचं. खरं सांगायचं तर त्यात थोडा रुबाब होता. शाळेत पानशेतचा विषय निघाला की आमचं नाव त्यात होतं. मुळशीबद्दल कुणी बोलायचंच नाही, पण मी आवर्जून सांगायचो, "आमची पण जमीन गेली तिकडे."

मागच्या ऑक्टोबरात त्या वाक्यातला अर्धा भाग खोटा असल्याचं कळलं. कसं कळलं ते लिहायला हवं, कारण हे वाचणाऱ्यांत निम्मे आपल्याच घरातले आहात.

सुरुवात भाच्यापासून झाली. ताईचा मुलगा, वय वर्षे एकोणीस, राहायला चिंचवडला. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी तो मुक्कामाला आला आणि म्हणाला, "मामा, उद्या बाईकवर कुठेतरी जाऊ ना. सकाळी निघून रात्री परत." गाडी माझी, अकरा वर्षांची. चालवणार आलटून पालटून. मी रस्ता आखला. पौड, मुळशी, तळ्याच्या कडेनं थोडं पुढे, परत पौड, तिथून कोळवण, तिकोना, पवनानगर, कामशेत आणि जुन्या हायवेनं चिंचवड. ज्या रस्त्यानं जायचं त्याच रस्त्यानं परत यायचं मला आवडत नाही. पौडचा थोडा भाग सोडला तर हे छान वर्तुळ होतं. दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर, दोन तळी, दोन-तीन किल्ले लांबून, आणि वाटेत मिळेल ते खाणं.

पहाटे निघालो ते सेनापती बापट रस्त्यानं. सिग्नलला थांबलो तेव्हा मागून आवाज आला, "मामा, हे सेनापती बापट म्हणजे पेशव्यांचे सेनापती ना?"

हसू नका. मीही कॉलेजात असेपर्यंत असंच काहीतरी समजत होतो. सगळे एस. बी. रोड म्हणतात, त्यामुळे प्रश्नच पडत नाही. मी म्हटलं, "चल, आज त्यांच्या सैन्याकडेच चाललोय."

चांदणी चौक ओलांडला, भूगाव-भुकूम मागे पडलं. पूर्वी इथे शेतं होती वगैरे म्हाताऱ्यासारखं बोलायचं मी टाळलं. पिरंगुटचा घाट उतरल्यावर मात्र हवा बदलली. भात पिवळं पडलं होतं, काही ठिकाणी कापणी सुरू होती. या खोऱ्यातला आंबेमोहोर पूर्वीपासून नावाजलेला. शिजताना आंब्याच्या मोहोरासारखा वास सुटतो म्हणून ते नाव. पौडला मिसळ खाल्ली (तर्री झणझणीत, पाव ताजा, तक्रार नाही) आणि तिथे भाच्याला गोष्ट सांगितली. तुम्हालाही थोडक्यात सांगतो, कारण पुढचं त्यावर उभं आहे.

मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. कोळसा लांबून आणावा लागायचा आणि महाग पडायचा. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस धो धो पडतो आणि घाटाखाली कोकण दीड-दोन हजार फूट खोल आहे. वर पाणी अडवायचं, बोगद्यातून पश्चिमेला वळवायचं, कड्यावरून नळांतून खाली सोडायचं आणि त्यावर जनित्रं फिरवायची, अशी ही कल्पना. जमशेटजी टाटा १९०४ साली गेले, पण पुढच्यांनी ती तडीस नेली. लोणावळ्याच्या तळ्यांच्या पाण्यावर खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं. त्यानंतर आंध्रा खोरं आणि मग मुळशी. मुळा नदी मुळात पूर्वेला वाहणारी, पुण्याकडे येऊन भीमेला मिळणारी. मुळशीला तिला अडवून पाणी उलट्या दिशेला, घाटाखाली भिऱ्याला नेलं. कोलाडला सकाळी कुंडलिका नदीत राफ्टिंग करता ना, ती नदी त्या वेळेला फुगते ती याच वरून सुटलेल्या पाण्यानं.

कल्पना हुशारीचीच होती, प्रश्न होता तो खोऱ्यात राहणाऱ्या लोकांचा. पन्नासच्या आसपास गावांची जमीन जाणार होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानं सरकार कंपनीसाठी जमीन घेऊन देऊ शकत होतं, मालकाला विकायची असो वा नसो. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. हजाराच्या वर मावळे, बाया-माणसं, धरणाच्या जागेवर जाऊन बसले. घोषणा होती, "जान किंवा जमीन." पुढारी होते पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे.

हे बापट पारनेरचे, जन्म १८८० चा. शिष्यवृत्तीवर एडिंबराला शिकायला गेले, तिकडे इंग्रजांविरुद्ध भाषण केलं म्हणून शिष्यवृत्ती गेली. मग पॅरिसला जाऊन बॉम्ब बनवायची विद्या शिकून आले. परत आल्यावर पारनेरला रस्ते झाडण्याचं व्रत घेतलं. असा माणूस. मुळशीच्या लढ्यात लोक त्यांना सेनापती म्हणायला लागले, ते नाव मरेपर्यंत, म्हणजे १९६७ पर्यंत चिकटलं. त्यांचं सैन्य म्हणजे हे भातशेती करणारे मावळे. तलवारी नाहीत, घोडे नाहीत.

भाचा म्हणाला, "मग जिंकले का?"

नाही जिंकले. पहिल्यांदा काम काही महिने थांबलं. महात्मा गांधींनी 'यंग इंडिया'त लिहून पाठिंबा दिला, टाटांनी कायद्यावर बोट न ठेवता लोकांशी बोलावं असं सुचवलं. पण १९२१ च्या अखेरीला काम परत सुरू झालं, पुन्हा सत्याग्रह, अटका, तुरुंग. 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपेही यात तुरुंगात गेले. हळूहळू माणसं गळत गेली. शेवटी डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी हातात शस्त्र घेऊन धरणाच्या कामावरची रेल्वे अडवली. सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला. १९२७ साली भिऱ्याची वीज सुरू झाली. राजेंद्र व्होरा यांचं या लढ्यावर पुस्तक आहे. २००९ साली ते इंग्रजीत आलं, तेव्हा त्याच्या नावातच या लढ्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलंय. पाऊण तासावर राहणाऱ्या आपल्याला मात्र ते फक्त एका रस्त्याच्या नावापुरतं माहीत.

पौड सोडलं. धरणाची भिंत लांबून दिसली. मालेच्या पुढे झाडांतून पाणी चमकायला लागलं आणि मग एकदम सगळं तळंच समोर आलं. ऑक्टोबरातलं भरलेलं धरण. पाण्यात ढग, पलीकडे डोंगर, हिरव्याचे पाच-सहा प्रकार. भाच्यानं गाडी बाजूला घेतली आणि फोटो काढत सुटला. भरलेल्या धरणाची हीच गंमत आहे. ते इतकं सुंदर दिसतं की खाली काही असेल असं वाटतच नाही.

थोडं पुढे एक चहाची टपरी होती. पत्र्याचा आडोसा, दोन बाकडी, भाजलेली कणसं. टपरी नातवाची, पण बाकड्यावर बसून गिऱ्हाइकांशी बोलायचं काम आजोबांचं. पंच्याहत्तरी नक्की ओलांडलेली. आम्ही चहा घेत होतो आणि आमच्या पोरानं आपलं सुरू केलं, "आजोबा, आमची पण जमीन होती इथे. धरणात गेली."

म्हातारबाबा माझ्याकडे वळले. "कंचं गाव?"

मी कागदावर वाचलेलं गावाचं नाव सांगितलं. (कागदाचं सांगतोच पुढे.) त्यांनी हातातल्या कपानंच पाण्याकडे दाखवलं. "त्ये तिकडं, त्या टेकाडाच्या खाली व्हतं म्हनत्यात." आणि मग अगदी सहज विचारलं, "मंग तुमी कूळ का सावकार?"

या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. चार महिन्यांपूर्वीच कळलं होतं, आणि मी ते घरात कुणालाही सांगितलं नव्हतं.

झालं असं होतं की जूनमध्ये आत्यानं घर आवरताना एक पत्र्याची ट्रंक माझ्याकडे दिली. "जुने कागद आहेत, तुला आवड आहे, बघ." आत मोडीतले कागद, दोन-तीन गहाणखतं आणि एक खतावणी. मला मोडी येत नाही. ओळखीतल्या एकांनी मोडीचा वर्ग केला होता, त्यांच्याकडे दोन रविवार बसलो. त्यांनी वाचून दाखवलं, मी लिहून घेतलं.

गहाणखतांत मुळशी खोऱ्यातली भातखाचरं होती. ज्यांनी गहाण टाकली त्यांची नावं आपल्या आडनावाची नव्हती. कर्ज फिटलं नाही, जमीन पणजोबांच्या नावावर झाली. कसत मात्र तेच लोक राहिले, खंडानं. म्हणजे पणजोबा आयुष्यात त्या शेतात किती वेळा उतरले असतील, देव जाणे. आणि खतावणीत १९२४ सालच्या पानावर सरकारातून जमिनीच्या भरपाईची रक्कम जमा. त्याच्या खालोखाल खर्चाच्या बाजूला विटा, चुना, सागाच्या तुळया, गवंड्याची मजुरी.

हे साहित्य कशाचं ते मला विचारावं लागलं नाही. वाड्याचा वरचा मजला पणजोबांनी त्याच सुमारास चढवला, हे आत्या नेहमी सांगते.

आता थोडा इतिहास. मुळशीचा लढा का फुटला याचं एक कारण असं देतात की खोऱ्यातली बरीच जमीन पुण्यातल्या सावकारांच्या ताब्यात गेलेली होती. कसणारा मावळा म्हणत होता, जमीन द्यायचीच नाही. ज्याच्या नावावर जमीन होती त्याला भरपाई चांगली मिळत असेल तर धरण चालणार होतं. एकाच लढ्यात बसलेल्या या दोघांचं हित निराळं होतं. सभांतून पाठिंबा देणाऱ्या पुण्यातून हळूहळू भरपाईची भाषा सुरू झाली आणि मावळे, बापट, भुस्कुटे एकटे पडत गेले.

त्या वेळी कुळाच्या हातात कायदाच नव्हता. मुंबई राज्याचा कूळकायदा आला १९४८ साली, आणि कसेल त्याची जमीन हे प्रत्यक्षात उतरायला १ एप्रिल १९५७, म्हणजे कृषकदिन उजाडावा लागला. मुळशीचं धरण त्याच्या तीस वर्षं आधीचं. तेच धरण १९५७ नंतर झालं असतं तर भरपाईचे पैसे आमच्या खतावणीत न येता त्या चहावाल्या आजोबांच्या घरात गेले असते. फरक फक्त तारखांचा.

मी म्हटलं, "सावकार."

म्हातारबाबा काही बोलले नाहीत. भाचा माझ्याकडे बघायला लागला. मग आजोबांनी त्यांच्या घरचं सांगितलं, माझ्यावर राग धरून नाही, आपलं जसं ऐकलं तसं. त्यांचा आजा खालच्या गावातला. खाचर कसत होता, पण नाव सावकाराचं. पाणी वर येत गेलं तसं घराचे वासे खांद्यावर घेऊन वर सरकले. "भात चांगलं व्हायाचं म्हनं खाली. हितं वर खडक. नाचनी, वरी, त्येवडंच." एवढं बोलून नातवाला म्हणाले, "पावण्यांना अजून येक चा दे." पैसे द्यायला गेलो तर दुसऱ्या चहाचे घेतले नाहीत.

गाडीवर बसताना भाच्यानं विचारलं, "मामा, मग आपली जमीन गेली नाही?"

"जमीन गेली. आपली होती की नाही, हा प्रश्न आहे."

परत पौडला आलो आणि कोळवणच्या रस्त्याला लागलो. हा रस्ता मला फार आवडतो. दोन्हीकडे भात, मध्येच ओढा, एखादी बैलगाडी अजून दिसते. हाडशी, जवण, आणि मग तिकोना समोर उभा राहतो, खरंच तिन्ही बाजूंनी कापल्यासारखा. तिकोना पेठेच्या अलीकडे एका घरगुती ठिकाणी पिठलं-भाकरी आणि ठेचा खाल्ला. भात इंद्रायणीचा होता. आंबेमोहोर आहे का विचारलं तर बाई म्हणाल्या, "थोडाच लावतो दादा, घरापुरता."

भाचा जेवताना गप्प होता. मग म्हणाला, "पण पानशेतला तर आपण खरंच बुडलो ना?"

बुडलो. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं, मग खडकवासला, आणि पेठांत पाणी शिरलं. माजघर गेलं, मागची भिंत गेली, भांडीकुंडी आणि धान्य गेलं. आजोबा-आजी आणि पोरं पर्वतीच्या बाजूला नातेवाइकांकडे गेली म्हणून वाचली. पण महिन्याभरानं ते परत आले तेव्हा राहिले कुठे? वरच्या मजल्यावर. तो उभा होता. सागाच्या तुळया, चांगल्या विटा. पुढची सहा वर्षं सगळं कुटुंब त्याच दोन खोल्यांत राहिलं. ही ट्रंकही त्याच मजल्यावर होती म्हणून राहिली.

म्हणजे हिशेब असा होतो की एका धरणानं आमचं नेलं तेव्हा दुसऱ्या धरणाच्या पैशांनी आम्हाला छप्पर दिलं. आणि आम्ही साठ वर्षं म्हणत आलो, धरण लाभत नाही.

पवनेच्या काठाशी पोचलो तेव्हा तीन वाजले होते. पलीकडे तुंग, पाण्यात त्याची टोकदार सावली. काठावर तंबूच तंबू, रविवारची गर्दी. हे धरण आपल्या, म्हणजे स्वतंत्र भारतातल्या सरकारचं, १९७० च्या आसपासचं. पाण्याच्या पोटात वाघेश्वराचं जुनं देऊळ आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की ते वर येतं, लोक दर्शनाला जातात, पावसाळ्यात परत बुडतं. जमिनी घ्यायला कायदा तोच वापरला, १८९४ चा. तो बदलून नवा कायदा लागू व्हायला २०१४ साल उजाडलं. विस्थापितांच्या पुनर्वसनाची भांडणं पन्नास वर्षांनंतरही चालूच राहिली.

कामशेतकडे जाताना बऊरची आठवण निघाली. ९ ऑगस्ट २०११ ला पवनेचं पाणी बंद नळातून थेट पिंपरी-चिंचवडला न्यायच्या योजनेला विरोध करायला मावळातले शेतकरी बऊरपाशी एक्सप्रेस वेवर उतरले होते. पोलिसांचा गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले. भाचा तेव्हा अगदी लहान होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला सांगितलं तेव्हा तो हळूच म्हणाला, "पण मामा, आमच्याकडे पवनेचंच पाणी येतं."

हो. ते तर आहेच. मी काय सांगणार होतो? नळ बंद कर असं थोडंच सांगता येतं? मुंबईला वीज लागतच होती, चिंचवडला पाणी लागतंच. धरणं बांधूच नयेत असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही, आणि वीज वापरून हे लिहिणाऱ्यानं तसं म्हणूही नये. पण आपल्याला मिळालं असेल तर मिळालं म्हणावं. ज्याचं गेलं त्याच्या रांगेत जाऊन उभं राहू नये. आमच्या घरानं शंभर वर्षं नेमकं तेच केलं. लबाडीनं नाही हो. आजीला खरंच तसं वाटायचं. पणजोबांनी "जमीन गेली" एवढंच सांगितलं असणार, "पैसे आले" हे सांगायचं राहून गेलं असणार. अशा राहून गेलेल्या गोष्टींतूनच घराण्यांचे इतिहास तयार होतात.

संध्याकाळी सातला चिंचवडला पोचलो. ताईनं दारातच विचारलं, "कुठे उंडारत होतात?" भाच्यानं धरणांची नावं सांगितली. ताई चटकन म्हणाली, "बाई गं! माहितीये ना, आपल्या घराण्याला..." पोरगं माझ्याकडे बघून हसलं आणि म्हणालं, "आई, बस जरा. मामाला काहीतरी सांगायचंय."

मग सांगितलं. ताईला पटायला वेळ लागला. आत्याला फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "वरच्या मजल्यावर माझं बाळंतपण झालं रे." एवढंच. राग आला की वाईट वाटलं, मला कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. "त्या गहाणखतांवरची नावं नीट उतरवून ठेव. आपल्याकडे नाहीतर कुणाकडे असणार ती?"

ते काम आता चालू आहे. अकरा नावं लागली आहेत, दोन वाचता येत नाहीत, कागद फाटलाय. पूर्ण झाली की एक प्रत घेऊन त्या टपरीवर जायचं ठरलंय. त्यातलं एखादं नाव म्हातारबाबांना ओळखीचं वाटेल किंवा नाही वाटणार. त्यांना त्याचा उपयोग काय, हेही मला नीट सांगता येणार नाही. पण ती नावं आमच्या ट्रंकेत शंभर वर्षं पडून होती, ती ज्यांची आहेत त्यांच्या बाजूला जावीत एवढंच.

काका, दादा, नाशिकची मंडळी, कुणाकडे आणखी जुने कागद असतील तर फेकू नका, मला कळवा. आणि या दिवाळीला जमू तेव्हा ते वाक्य कुणी म्हणू नका. निदान अर्धंच म्हणा, पानशेतपुरतं.

असो. गाडीची चेन सैल झालीये, ती आधी घट्ट करून आणतो.